पगाराआधीचं शहर

भाऊचा धक्का, डिसेंबर 1921

तुमच्या कनवटीला सात रुपये आहेत. शंभराहून जास्त वर्षं मागे आलेल्या तुम्हाला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण इथे रुपयाचे सोळा आणे होतात, आण्याचे चार पैसे होतात आणि पैशालाही बाजारात काहीतरी मिळतं. मालवण बंदरात पडावातून बोटीवर चढलात तेव्हा आईने ही पुरचुंडी दोनदा चाचपून बघितली. पैसे सावकाराकडून आणलेले आहेत. भात झोडून झालं, त्यातलं सावकाराचं देणं गेलं, उरलेलं शिमग्यापर्यंत पुरणार नाही हे दिसलं, आणि घरातला एक माणूस मुंबईला पाठवायचं ठरलं. तो माणूस तुम्ही.

बोटीवर तुमच्या शेजारी गोव्याचा एक तारवटी होता. उतरताना त्याला कसलीच घाई नव्हती. माझगावात त्याच्या गावाची 'कूड' आहे. गावच्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेली जागा, पेटी ठेवायला कोपरा, अंग टाकायला हात-दोन हात जमीन आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. जहाज मिळेपर्यंत तो तिथे पडून राहील. शहरात पाऊल ठेवण्याआधीच त्याचं छप्पर ठरलेलं आहे.

तुमचंही ठरलेलं आहे, फक्त तिथवर चालत जायचं आहे. ट्रामची तार डोक्यावरून जाते, गाडी घंटा वाजवत शेजारून निघून जाते, तुम्ही तिच्यात बसत नाही. डोंगरी, भायखळा, मग लालबाग. डोक्यावर पेटी, खांद्यावर वळकटी, हातात चटणी-कोकमाचं गाठोडं. हातातल्या कागदावर पत्ता आहे, तो तुम्हाला वाचता येत नाही. तीन माणसांना विचारता; तिन्ही माणसं बाहेरगावची निघतात. नवल नाही. यंदाच्या मार्चमध्ये झालेल्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली, आणि त्यातली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं या शहरात जन्मलेलीच नाहीत. ज्या जिल्ह्याने इथे सगळ्यात जास्त माणसं पाठवली, तो तुमचाच रत्नागिरी जिल्हा.

खोली

चाळीच्या लाकडी जिन्यावर दिवसासुद्धा अंधार आहे. दुसऱ्या माळ्यावर, सज्जाच्या टोकाला, मोरीच्या अलीकडची खोली. दारात तात्या उभे आहेत. नात्याने चुलते नव्हेत, गावकीने तात्या.

"इलंस? बरा झाला. पेटी थंय ठेव. जेवलंस काय?"

'थंय' म्हणजे भिंतीला लागून, जिथे आधीच सात पेट्या आहेत. आता आठ झाल्या. पेटी हेच इथे माणसाचं घर: तिच्यात कपडे, कागद, देवाचा फोटो, गावाहून आलेली पत्रं. वर दोरीवर आठांचे सदरे. रात्री खोलीत पाच जण मावतात, दोघे सज्जात, एक जिन्याच्या चौकात. उन्हाळा लागला की निम्मी चाळ रस्त्यावर झोपायला उतरते. संडास माळ्याच्या टोकाला, नळ खाली, आणि नळाला पाणी येतं तेव्हा त्याच्याभोवती हंड्यांची रांग.

खोलीचं भाडं महिन्याला पाच रुपये. आठ जणांत वाटलं तर माणशी दहा आणे. तुम्ही मनातल्या मनात हिशेब करता आणि दचकता: एवढं स्वस्त? होय, भाडं स्वस्त आहे, कारण जागा जवळजवळ नाहीच. सरकारच्या लेबर ऑफिसने याच वर्षी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी चालवली आहे. तिचा अहवाल 1923 मध्ये छापून येईल तेव्हा दिसेल की शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहतात.

तिकडे वरळी, नायगाव, डिलाईल रोडला सरकारच्या नव्या चाळी बांधायला घेतल्या आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसवला आहे. सिमेंटच्या भिंती, तळमजला आणि वर तीन मजले, दर इमारतीत ऐंशी खोल्या. तुम्हाला पुढचं माहीत आहे म्हणून सांगून ठेवा: या चाळी उभ्या राहतील आणि त्यांतल्या पुष्कळ खोल्या काही वर्षं रिकाम्या पडतील. भाडं खासगी चाळीपेक्षा चढं आणि वरळी गिरणीपासून लांब. कामगार खोली बघताना भाड्याच्या आकड्याबरोबर भोंगा ऐकू येतो का, आसपास वाणी आहे का, उधार देणारं कोणी ओळखीचं आहे का, हेही बघतो. बांधणाऱ्यांनी चौरस फूट मोजले, उधारी मोजली नाही.

आणि तुम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आला असाल, तर हाच जिना तुम्हाला चढू देणार नाहीत. खोली वेगळ्या चाळीत शोधावी लागेल, गिरणीत पाण्याचं पिंप वेगळं असेल, आणि जिथे जास्त पैसे मिळतात त्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, तुम्हाला घेणार नाहीत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि तुम्ही तोंड लावलेला धोटा दुसरा कामगार हातात घ्यायला तयार नसतो. शहरात आल्याने जात मागे पडली नाही. तिची किंमत दर महिन्याच्या पगारातून वळती होत राहिली. परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आंबेडकरांचं कुटुंब राहतं. ते स्वतः या घडीला लंडनमध्ये शिकत आहेत आणि इकडे रमाबाई काटकसरीने संसार ओढत आहेत. साचेखात्याच्या बंद दाराचा प्रश्न ते पुढे 1928 च्या संपाच्या वेळी जाहीरपणे मांडतील.

गिरणीचं दार

पहाटे भोंगा होतो. अंधारातच तुम्ही तात्यांच्या मागून चालता. फाटकाशी शेदोनशे माणसं उभी आहेत आणि कोणी बोलत नाही. सगळ्यांचे डोळे एका माणसावर, मुकादमावर. आज किती जणांनी खाडा केला, त्यांच्या जागी किती बदली घ्यायचे, हे तो ठरवतो. तो बोट दाखवतो, तुम्ही आत. दाखवलं नाही, तर दिवस गेला.

पहिले तीन आठवडे तुमच्या वाट्याला चार-पाच दिवसांचीच बदली येते. बाकीचे दिवस फाटकापासून परत. या परत येण्याचा पगार कोणी देत नाही, पण त्या दिवशीही भूक लागते, त्या रात्रीही झोपायला जागा लागते. गावात काम नसलेला दिवस असा खर्चिक नव्हता. परसात शेगलाची भाजी होती, रानात सरपण होतं, विहिरीचं पाणी होतं, शेजाऱ्याच्या घरचं ताक होतं. इथे त्यातली प्रत्येक गोष्ट विकत मिळते. लाकूड, कोळसा, घासलेट यांवर माणूस दर महिन्याला पैसे घालतो हे गावी सांगितलंत तर आई विश्वास ठेवणार नाही.

जानेवारीत मुकादम तुम्हाला त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, कायम लावून घेतो. त्याची दस्तुरी दहा रुपये. तात्या म्हणतात, घासाघीस करू नकोस, जागा राहायला हवी. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दिवस दहा तासांचा झाला आहे. जुनी माणसं बारा तासांच्या गोष्टी सांगतात. कापूस हवेत तरंगतो, केसांवर, पापण्यांवर, घशात बसतो. संध्याकाळी बाहेर पडता तेव्हा कानांत अजून यंत्रच चालू असतं. पण महिन्याला सव्वीस रुपये मिळणार. सव्वीस! गावात एवढी रक्कम एकरकमी फक्त सावकाराच्या हातात बघितली होती.

मग तात्या ती गोष्ट सांगतात, जी बोटीवर कोणी सांगितली नव्हती.

"जानेवारीचो पगार फेब्रुवारीच्या पंधरा तारखेक गावतलो. तवसर मावशीकडे तुजा नाव घालतंय. जामीन मी."

दीड महिना

आता नीट बघा, कारण नव्या माणसाचं शहरातलं सगळं आयुष्य या दीड महिन्यात ठरतं.

गिरणी महिनाभर तुमच्याकडून काम करून घेते आणि पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमाराला वाटते. म्हणजे कामावर लागलेला माणूस पहिली दिडकी बघायच्या आत दीड महिना राबतो. त्याआधीचे बदलीचे तीन आठवडे धरले, तर धक्क्यावर उतरल्यापासून दोन महिने. तुमच्याजवळ होते सात रुपये. त्यातली घोंगडी झाली, पितळी आणि तांब्या झाला, फाटकाबाहेरचा चहा झाला, गावी खुशालीचं कार्ड झालं. पहिल्या आठवड्यातच कनवट रिकामी.

मावशींची खानावळ तळमजल्यावर आहे. तीसेक माणसं जेवतात, पाच-सहाच्या पंगतीने. मावशी साताऱ्याकडच्या, नवरा गिरणीत होता, छातीच्या आजाराने गेला. चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी ओळ. लिहिता येत नाही, पण कोणाची रेघ कोणती यात कधी चूक होत नाही. त्या तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात.

"तुझा तात्या हाय म्हून रेघ वढते. पगार झाला की पयलं हितं यायचं, मंग बाकीकडं. आन् खाडा सांगून करायचा."

महिन्याचे बारा रुपये ठरतात. भात, आमटी, सुक्या बोंबलाचं कालवण, रविवारी मटणाचे दोन तुकडे. ताटात वाढून घेताना तुमच्या लक्षात येतं की ही बाई तुम्हाला दोन महिने उधार जेवू घालणार आहे. तिला तांदूळ कोण उधार देतो? वाणी. वाणी फुकट देतो का? नाही. रोखीने घेणाऱ्याला एक भाव, खात्यावर घेणाऱ्याला दुसरा, आणि मापही जरा हलकं. गिरणीने तुमचा पगार पंधरा दिवस लांबवला, त्याचं व्याज मावशी भरतात.

चाळीत बिऱ्हाड करून राहणारी बायामाणसं वाण्याकडून पैशाचं तेल, दोन पैशांची डाळ असं रोजचं रोज आणतात. गोणभर तांदूळ एकदम घेतला तर स्वस्त पडतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. गोणभर तांदळाचे पैसे एका वेळी हातात कधीच नसतात, म्हणून गरिबाला शेराचा भाव नेहमी चढा पडतो. त्यात महायुद्ध संपून तीन वर्षं झाली तरी महागाई उतरलेली नाही. 1914 च्या मानाने जगण्याचा खर्च दीडपटीहून जास्त आहे.

जानेवारीच्या मध्याला गावाहून पत्र येतं. सावकार दारात येऊन बसतो, वडिलांचा दमा वाढला आहे, काहीतरी पाठव. मुकादमाचे दहाही द्यायचे आहेत. तात्यांकडे आता नाहीत. फाटकाशी व्याजाने पैसे देणारा पठाण उभा असतो, त्याच्याकडे तुम्ही जाता. वीस रुपये. व्याज रुपयाला महिन्याला एक आणा.

एक आणा ऐकायला थोडा वाटतो. वीस रुपयांवर महिन्याला वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. वर्षाला पंधरा रुपये. शेकडा पंचाहत्तर. मुद्दल तसंच उभं. गिरणगावात हा नेहमीचा दर आहे आणि याहून दुप्पट घेणारेही आहेत. लेबर ऑफिसच्या पाहणीत शंभरातली सत्तेचाळीस कुटुंबं कर्जात निघाली. कोणी म्हणतं दारू, कोणी म्हणतं लग्नं, कोणी म्हणतं कामगाराला पैशाचं वळण नाही. तुम्ही दारू प्यायला नाहीत, लग्न काढलं नाहीत, पैसाभर उधळला नाहीत. तुम्ही फक्त शहरात आलात आणि कामाला लागलात. तेवढ्यानेच तुम्ही कर्जदार झालात.

पगार

फेब्रुवारीचा मध्य. खजिन्याच्या खिडकीतून सव्वीस रुपये तुमच्या हातात पडतात. साचेखात्यातला एक जण डागाळलेलं कापड काखेत घेऊन चालला आहे. ताग्यात खोट निघाली म्हणून गिरणीने तो त्याच्याच गळ्यात मारला आणि किंमत पगारातून कापली. फाटकाबाहेर पठाण काठी टेकून उभे आहेत, मुकादमाचा माणूस उभा आहे, वाण्याचा मुलगा वही घेऊन उभा आहे.

मावशींना पंधरा. दोन महिन्यांच्या चोवीस रुपयांपैकी नऊ रुपयांच्या रेघा भिंतीवर राहतात. पठाणाला नुसतं व्याज, सव्वा रुपया. मुकादमाला खुशीचे दोन. खोलीचे दहा आणे. गावी मनीऑर्डर पाच रुपयांची. पोस्टाच्या खिडकीवरचा कारकून फॉर्म भरून देतो आणि विचारतो, मजकूर काय? तुम्ही सांगता, 'मी खुशाल आहे.' मनीऑर्डरची फी देऊन हातात जेमतेम दोन रुपये उरतात. पुढचा पगार मार्चच्या मध्याला.

त्याच आठवड्यात चाळीत लेबर ऑफिसची एक बाई येते. हातात छापील तक्ता. ती बिऱ्हाडं करून राहणाऱ्यांच्या दारात बसते आणि विचारत जाते: तांदूळ किती, डाळ किती, घासलेट किती, व्याज किती? बायका आधी बिचकतात, मग बोलू लागतात. तिचे तक्ते जमवून जो हिशेब निघेल तो असा: कुटुंबाची सरासरी मिळकत महिना 52 रुपये 4 आणे 6 पै. खर्चातले शंभरातले 56.8 खाण्यावर, 7.7 भाड्यावर, 9.6 कपड्यांवर, 7.4 सरपण आणि दिवाबत्तीवर. निम्म्याहून जास्त खर्च पोटावरच होतो आणि तरी पोट भरत नाही.

पण हा हिशेब शहरातल्या भिंतींशी थांबतो. तुमची आई गावी लावणी करते, बायको गुरं सांभाळते, वडिलांच्या औषधपाण्याला उठते, पोराला वाढवते, आणि तुम्ही आजारी पडून परत गेलात तर तुम्हालाही सांभाळेल. गिरणी एका सशक्त माणसाच्या पोटापुरतं देते. त्याचं बालपण, आजारपण आणि म्हातारपण गाव पोसतं. म्हणूनच या शहरात हजार पुरुषांमागे 525 बायका आहेत. ज्यांनी बायका-पोरांना इथे आणायचं धाडस केलं, त्यांनी दिलेली किंमत वेगळीच आहे: 1921 साली नोंदलेल्या हजार जन्मांमागे 666 बालमृत्यू, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत हजारी 828. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जाऊन मूल घेऊन परततात, जन्म तिकडे नोंदला जातो आणि मृत्यू इथे, त्यामुळे हे आकडे फुगलेले आहेत. ते थोडे उतरवून घ्या. तरीही त्या आकड्यांपुढे बोलायला काही उरत नाही.

1937 आणि नंतर

आता वर्षं भराभर मागे टाका. 1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात उशिरा मिळणारा पगार आणि कर्ज यांचा संबंध छापून येतो. 1936 साली पगारवाटपाचा कायदा होतो आणि पुढच्या वर्षी लागू होतो: हजाराहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे. गिरणगावात मावशींच्या भिंतीवरच्या काही रेघा या एका कलमाने पुसल्या गेल्या. पगार वाढला नव्हता, लवकर आला होता.

1948 मध्ये थांबा. मुंबईचा नवा भाडेनियंत्रण कायदा नुकताच लागू झाला आहे. जुन्या भाडेकरूचं भाडं 1940 च्या पातळीला गोठलं, त्याच्या डोक्यावरचं छप्पर शाबूत राहिलं. पण तुम्ही आज बोटीतून उतरलेले नवे आहात. खोली दाखवणारा माणूस भाडं सांगत नाही, पागडी सांगतो. भाडं पाचपंचवीस रुपये, पागडी काही हजार, आणि पावती मिळणार नाही. भाड्यात फायदा नाही म्हणून भाड्याच्या चाळी बांधणंही हळूहळू थांबतं. ज्याच्याकडे पागडी नाही तो रेल्वेच्या कडेला, खाडीच्या काठाला, टेकडीच्या उतारावर पत्रे उभे करतो. झोपडीच्या त्या तुकड्यालाही दादाला पैसे मोजावे लागतातच.

1975 मध्ये लालबागच्या त्याच तळमजल्यावर या. मावशींच्या जागी दुसऱ्या मावशी आहेत, गिऱ्हाइकांची ओळ तेवढीच लांब. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी या बायकांचा हिशेब नीट मांडून बघितला आहे. गिऱ्हाईक महिन्याच्या शेवटी पैसे देतं, किराणा आज लागतो, मधली फट सावकार भरतो आणि बाईची सगळी मिळकत व्याजात जाते. चौदा खानावळवाल्या एकत्र येऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू होतं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळतं. घर नाही, सोनं नाही, तारण म्हणून एकमेकींची हमी. बँकेच्या काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या त्या बाईकडे बघा. गेली कित्येक दशकं नव्या माणसाला शहरात टिकवून धरण्याचं काम तिनेच केलं. शहराने तिला पत आता कुठे दिली. सात वर्षांनी, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू होईल, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडतील आणि त्यांच्याबरोबर खानावळीच्या पंगतीही उठतील.

लोअर परळ, आज

तुम्ही पुन्हा आजच्या दिवसात आहात, डिलाईल रोडवर. पाटीवर आता ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं आहे. गिरणीच्या आवारात मॉल आहे, काचेच्या इमारती आहेत, बीडीडीच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. स्टेशनच्या पुलावर तेवीस वर्षांची एक मुलगी बॅग ओढत उभी आहे, कणकवलीहून सकाळच्या गाडीने आलेली. नोकरीचं पत्र तिच्या मोबाइलमध्ये आहे. सोमवारपासून रुजू.

तिच्याबरोबर चला. दलाल तिला डोंबिवलीला घेऊन जातो, कारण ऑफिसजवळचं भाडं ऐकूनच ती गप्प झाली आहे. तीन मुलींत एक वन-बीएचके. भाड्याचा तिसरा हिस्सा तिला कसाबसा परवडेल. मग दलाल पुढचं सांगतो: काही महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली, अकरा महिन्यांच्या कराराचा खर्च, पोलिस पडताळणी, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. वर गादी, बादली, गॅसचा वाटा, लोकलचा पास, ऑफिसात घालायचे बूट. पगार महिना संपल्यावर. रुजू व्हायला महिन्याची पाच तारीख उलटली आहे आणि तिथल्या नियमाप्रमाणे तिचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबरच निघणार आहे. पुन्हा दोन महिने.

बापाने पतपेढीतून कर्ज काढलं आहे, आईची पाटली गहाण आहे. वर मोबाइलमधलं एक ॲप तिला पाच मिनिटांत पैसे द्यायला तयार आहे. तिचं बोट त्या बटणावर थबकलेलं तुम्ही बघता. दोन महिने रिकाम्या हाताने काढलेत म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की हे बोट हावेने तिथे गेलेलं नाही.

1921 मध्ये भाडं थोडं होतं आणि पोटाला सगळं लागत होतं. आज पोट त्या मानाने स्वस्तात भरतं आणि छप्पर सगळं गिळतं. पण नव्या माणसाची अडचण तीच राहिली. शहर त्याला काम देतं, पगारही देतं, फक्त पगाराच्या आधी सगळी किंमत मागतं. ज्याच्या घरी दोन महिने कळ काढण्याइतकं आहे त्याला शहर परवडतं. ज्याच्या घरी नाही, तो तेवढ्याच पगारावर वर्षानुवर्षं त्या दोन महिन्यांचं व्याज फेडतो. 'मुंबईत यायचं तर थोडी तयारी हवी' असं आपण सहज म्हणतो. त्या तयारीसाठी कोणाची तरी पाटली जाते आणि कोणाचं तरी शेत अडकतं.

हे असंच असतं असं म्हणू नका. पगाराच्या तारखेवर एक कलम आलं आणि कर्जाचा फास सैल झाला, हे तुम्ही बघून आला आहात. चौदा बायकांना पत मिळाली आणि सावकार मागे सरला, हेही बघितलंत. 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवायचं कलम केंद्र सरकारने मांडलं आहे. राज्याने ते आपल्या कायद्यात आणलं तर त्या मुलीच्या बापाचं कर्ज कितीतरी कमी होईल. नोकरीला घेणाऱ्याने पहिल्या पंधरवड्याचा पगार पंधराव्या दिवशी हातात ठेवला तर त्याचं काहीही बिघडत नाही. नव्या मुलामुलींसाठी पहिले तीन महिने परवडतील अशी वसतिगृहं महापालिका आणि सरकार बांधू शकतं. मुंबईतल्या आपल्या गावच्या मंडळांनी एके काळी खोल्या चालवल्या. आज त्यांनी डिपॉझिटापुरता बिनव्याजी निधी उभा केला तर तात्यांचं जामीनपण पुढे चालू राहील.

तुम्ही घरमालक असाल तर डिपॉझिट हप्त्याने घ्या. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर या महिन्यात रुजू झालेल्याला विचारा, पगारापर्यंत निभेल ना? आणि तुमच्या घरात कोणी एके काळी मुंबईला, पुण्याला, ठाण्याला नवं आलं असेल, तर पहिले दोन महिने त्याला कोणी जेवू घातलं ते विचारून घ्या. त्या माणसाचं देणं तुमच्याकडे आहे, आणि ते फेडायला आज गाडीतून उतरलेलं कोणीतरी तुम्हाला सहज सापडेल.